आईचा वेग

आमच्या ह्यांना स्वस्थ बसण्याचं वावडं आहे. नोकरी होती तोवर ते खपून गेलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते, त्यामुळे दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत वर-खाली चालायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगातली निम्मी चुळबुळ जिरलेली असायची. मग कंपनीने एका वयापुढच्या सगळ्यांना एक बॅग आणि चार गोड शब्द देऊन घरी बसवलं. बसवलं असं आपलं म्हणायचं. ती सगळी चुळबुळ आमच्या घरात मोकळी सुटली.

आधी त्यांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग कपाटं भिंतीपासून ओढून मागची भिंत रंगवली, जी जन्मात कुणाला दिसणार नव्हती. मग न गळणारा नळ दुरुस्त केला आणि तो गळायला लागला. मी चष्म्याच्या दुकानात नोकरीला जाते, ते बरंच आहे. घरी असते तर एखाद्या दिवशी त्यांनी माझ्याही सांध्यांना तेल घातलं असतं.

शेवटी नजर पोटमाळ्यावर गेली. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गाण्याची यंत्रं होती. एक रेकॉर्ड प्लेअर, एक जडशीळ अॅम्प्लिफायर, लाकडी पेटीतले दोन स्पीकर आणि रेकॉर्डचं खोकं. बाबा सिनेमा थिएटरात ऑपरेटर होते. वरच्या अंधाऱ्या खोलीत बसून त्यांनी उभी हयात पडद्यावर चित्रं सोडली. हे सामान त्यांनी तिथल्याच जुन्या सुट्या भागांमधून जमवून उभं केलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा आमचे हे मांडीवरचं पोर होते आणि माझी नणंद, म्हणजे ताई, नुकती शाळेत जायला लागली होती. त्यानंतर बाबांनी एक दिवस सगळं चादरीत बांधलं आणि वर टाकलं. तेव्हापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता.

ह्यांनी सगळं खाली काढलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

प्लेअरची तबकडी ज्या रबरी पट्ट्यावर फिरते तो पट्टा वितळून डांबर झाला होता. ते डांबर ह्यांच्या बोटांना, बोटांवरून दाराच्या कड्यांना आणि कड्यांवरून माझ्या पांढऱ्या कुडत्याला लागलं. पण माणूस खूश होता. स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पात्याने खरवडायचं, प्रत्येक स्क्रूचा आधी एक फोटो आणि साफ केल्यावर एक फोटो. हे फोटो ते जुन्या यंत्रांच्या वेड्यांच्या एका गटात टाकायचे आणि तिथले त्यांच्यासारखेच घरी बसवलेले लोक अंगठे दाखवायचे. नवा पट्टा आला, नवी सुई आली, अॅम्प्लिफायरच्या पोटातले म्हातारे झालेले भाग बदलले गेले.

आणि खरंच सांगते, पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मोबाइलवर गाणं लागतं ते कुठेतरी लागतं. हे आमच्या खोलीत लागलं. गाणारी बाई खिडकीपाशी उभी आहे असं वाटलं.

पण ऐकतंय कोण? गाणं निम्म्यावर आलं की हे उठायचे. "घरघर येतेय, तुला येतेय का?" मला काही येत नव्हती. मग वायरी इकडच्या तिकडे. स्पीकर पुढे, स्पीकर मागे, सोफा भिंतीपासून लांब, त्याच्या पायाला माझी करंगळी. अख्खी बाजू एका जागी बसून ऐकताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. त्यांना गाण्यापेक्षा ठिपके प्यारे. ठिपक्यांची एक कागदी चकती असते, ती फिरत्या तबकडीवर ठेवायची. ट्यूबलाइटच्या उजेडात ठिपके पळताना दिसले तर वेग चुकला. जागच्या जागी उभे दिसले तर वेग बरोबर. ह्यांनी ते उभे केले होते आणि दिवसातून चारदा ते अजून उभे आहेत की नाही हे बघायचे.

बाबा हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीतून बघत होते. बाबांचं असं झालं होतं की गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांचे शब्द सांडायला लागले. सांगायचं काहीतरी असतं, शब्द मधेच गळतो आणि हात नुसता हवेत राहतो. डॉक्टर म्हणाले, वय आहे, बघू या. ताई मात्र बघत बसणाऱ्यांतली नाही. ती एका मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. ती बोलते ते तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं. तीन मजल्यांवरची पोरं तिच्या आवाजाने वर्गात पळतात. "विसरायला लागलेत," ती म्हणायची. "सकाळी फोन करतात, संध्याकाळी परत करतात. काय हवंय तर काही नाही. सकाळी बोललो ते आठवतच नाही त्यांना." हे खरं होतं. बाबा रोज दोनदा ताईला फोन लावायचे, स्वतः चकार शब्द बोलायचे नाहीत, ताई दोन-तीन मिनिटं झाडायची, मग ते फोन ठेवून द्यायचे. मी पण ते विस्मरणाच्याच खात्यात टाकलं होतं.

खोक्याच्या तळाशी एक लहान रेकॉर्ड निघाली. नुसतं पांढरं पाकीट, वर नाव नाही, गाव नाही. ह्यांनी ती बाबांपुढे धरली आणि बाबांचा चेहराच बदलला.

"तिचा," बाबा म्हणाले. "तिचा... तो आणला होता त्याने... मशीन. घरी." आणि पुढचं सगळं सांडलं.

बऱ्याच प्रयत्नांनी कळलं ते असं. थिएटरात मध्यंतराच्या जाहिराती रेकॉर्डवर कोरून देणारा बाबांचा एक दोस्त होता. एका दुपारी तो आपलं कोरायचं यंत्र घरी घेऊन आला होता आणि त्याने सासूबाईंचा आवाज घेतला होता. एकच प्रत, दुसरी कुठेच नाही.

आमच्या घरात सासूबाईंचा एक फोटो आहे, तोही हललेला. आवाज असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ह्यांनी ताईला फोन केला, ताई शाळा सोडून आली. मी सगळ्यांना पाणी दिलं. ह्यांनी प्लेअरचा खटका मोठ्या रेकॉर्डवरून लहान रेकॉर्डवर केला, ठिपके तपासले, पुन्हा तपासले आणि सुई ठेवली.

आधी खरखर. मग एक बाई बोलायला लागली, सावकाश, जड आवाजात, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"काय बोलू... मला नाही बाई बोलता येत... अशा डब्यासमोर. दूध वर आलं असेल तिकडे... अहो... हसताय काय? ए चिमणे... हात लावू नकोस म्हटलं ना... किती वेळा सांगायचं... एकदा सांगितलेलं कळत नाही..."

मधेच घड्याळाचे टोल पडले, खोल, दमलेले. मग ती बाई म्हणाली, "झालं? संपलं का? बंद करा ते आधी..." आणि सुई मधल्या भागावर जाऊन टकटक करायला लागली.

ताई हमसून हमसून रडत होती. चिमणी म्हणजे तीच. "हीच. हीच माझी आई," ती म्हणाली. "बघ ना, रागावते पण कशी मायेने. आवाज चढवत नाही." आमच्या ह्यांना आईची काहीच आठवण नाही. ते तोंड उघडं ठेवून त्या फिरत्या तबकडीकडे बघत होते. माझेही डोळे भरून आले. आम्ही तिघं बाबांकडे वळलो.

बाबांच्या कपाळाला आठ्या होत्या. "ही कोण?" ते म्हणाले.

"बाबा, आई!"

"नाही." मान ठाम हलली. "ही नाही. ही कोण बाई?"

ह्यांनी परत लावली. बाबांनी परत मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "घड्याळ पण... घड्याळ बरोबर नाही." आणि तेच बोट हवेत गोल गोल फिरवायला लागले.

ताईचा चेहरा पांढरा पडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने दुसरा विचार केला नाही, तो स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखत नाही. याहून पुढची पायरी ती कुठली?

त्यानंतरचे दिवस आमच्या घराला खाज सुटल्यासारखे गेले. ह्यांनी तो आवाज मोबाइलवर घेऊन ताईला पाठवला. ती म्हणे रोज झोपताना ऐकायची. हे सकाळ-संध्याकाळ रेकॉर्ड लावायचे आणि दर वेळी बाबांना बोलवायचे. आज ओळखतील, आज नक्की ओळखतील. बाबा दर वेळी मान हलवायचे, घड्याळ म्हणायचे आणि बोट फिरवायचे. ह्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, उघडलं, तेल दिलं, मोबाइलशी ताडून पाहिलं. ते एक मिनिटही इकडेतिकडे नव्हतं. बाबा लग्नापासून त्याला चावी देत आले आहेत, ते कशाला चुकेल? डॉक्टरांनी फिरणारं बोट पाहिलं आणि कंप म्हणून लिहून घेतलं.

मी दुकानात जायचे आणि तिथेही मन लागायचं नाही. आमच्याकडे डोळ्यांचा नंबर सांगणारं यंत्र आहे, हनुवटी टेकवली की आकडा देतं. पण त्या आकड्यावर आम्ही चष्मा करत नाही. भिंगं बदलत गिऱ्हाइकाला विचारतो, "हे बरं, की हे?" यंत्र काही का म्हणेना, गिऱ्हाईक अंधुक म्हणालं की अंधुक. दिवसभर मी परक्यांना हे विचारत होते आणि घरातल्या म्हाताऱ्याला आम्हा तिघांपैकी कुणीही काही विचारत नव्हतं. नुसती परीक्षा घेत होतो. पण हे तेव्हा मला एवढं नीट सुचलं नाही. तेव्हा नुसतीच चिडचिड होत होती.

मग एका संध्याकाळी रेकॉर्ड चालू असताना बाबा उठले आणि त्यांनी फिरत्या तबकडीच्या कडेला बोट लावलं. पुढे ढकलायला लागले. हे किंचाळले, "बाबा, सुई मोडेल!" आणि त्यांचा हात धरला. बाबांनी तो झिडकारला, जोरात. मनगट ह्यांच्या गालावर लागलं.

झालं. ताईला हे कळलं आणि तिने तोंडाचा पट्टाच सोडला. "आज हात उचलला, उद्या गॅस उघडा टाकतील. तू दुकानात, हा स्क्रू पिळत बसलेला. कोण बघणार?" तिच्या माहितीत एक जागा होती. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना ठेवून घेतात, स्वच्छ आहे, बाग आहे, दाराला बाहेरून कडी असते. शनिवारी न्यायचं ठरलं. हे नाही म्हणाले नाहीत. या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिले आणि मला त्या पावलांचा इतका राग आला की मी म्हटलं, "अहो, एकदा उभे राहा आणि नाही म्हणा!"

"मी काय सांगू तिला?" ते म्हणाले. "आईला ओळखत नाहीत गं ते. आईला."

बाबांनी ते ऐकलं होतं. मी भांडी पुसत होते, तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा एकही शब्द सांडला नाही.

"सूनबाई, मला तिचा आवाज ओळखू येत नाही. सगळे म्हणतात तीच आहे. म्हणजे माझंच डोकं गेलं. मी जातो."

मी त्यांना जा म्हणू की नको म्हणू? माझ्या लग्नानंतर या माणसाने मला एकदाही चहा मागितला नाही, स्वतः करून मलाच अर्धा दिला. मी नुसती त्यांच्या हाताला धरून उभी राहिले. हातातला ओला फडका त्यांच्या बाहीला लागला तेही मला कळलं नाही.

शनिवारी दुपारी ताई आली. बाबांचे कपडे तिने स्वतः बॅगेत भरले, घड्या मोडून पुन्हा घातल्या, एक सदरा तीनदा बाहेर काढला. तिलाही ते सोपं जात नव्हतं, उगाच कशाला वाईट बोलू. बॅग दारापाशी ठेवून ती भावाला म्हणाली, "एकदा लाव. शेवटचं. जायच्या आधी ओळखलं तर..."

ह्यांनी ठिपके तपासले आणि सुई ठेवली. खरखर सुरू झाली आणि बाबा खुर्चीतून उठले. सगळ्यांना वाटलं तबकडीकडे जातात. हे मधे आडवे आले. पण बाबा भिंतीकडे गेले, चावी देताना घेतात ते बुटकं स्टूल पायाने ओढलं, त्यावर चढले आणि घड्याळाची काच उघडली. मिनिटकाटा बोटाने पुढे नेत बाराच्या अलीकडे आणून धरून ठेवला.

"बघ!" ताई ओरडली. "आता घड्याळाशी खेळ चाललाय! उतरा बाबा, पडाल!"

"थांबा ताई," मी म्हटलं. कारण बाबा खेळत नव्हते. ते कान देऊन उभे होते. थिएटरात एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात खूण चमकते आणि त्या क्षणी ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं असतं, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. जन्मभर त्यांनी अशाच खुणेची वाट पाहिली होती.

"...एकदा सांगितलेलं कळत नाही..." रेकॉर्डमधली बाई म्हणाली. पहिला टोल पडला आणि त्याच क्षणी बाबांनी काटा बारावर ढकलला.

दोन घड्याळं एकदम वाजायला लागली. भिंतीवरचं खणखणीत. रेकॉर्डमधलं खोल, ढेपाळलेलं. एक टोल, दुसरा, तिसरा. भिंतीवरचं तिसऱ्याला थांबलं, रेकॉर्डमधला चौथा टोल एकटाच रेंगाळत राहिला. बाबा स्टुलावरून माझ्याकडे बघत होते. ह्यांच्याकडे नाही, ताईकडे नाही, माझ्याकडे.

"बाबा," मी विचारलं, आणि दुकानातलंच वाक्य तोंडातून आलं, "हे बरं, की ते?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर हात ठेवला.

"हे तेच घड्याळ ना? रेकॉर्डमध्ये वाजतंय ते?"

होकाराची मान हलली. आणि बोट फिरायला लागलं, गोल गोल. या वेळी मला कळलं की तो कंप नव्हता. जरा भरभर, असं सांगत होते ते. कितीतरी दिवस सांगत होते.

"अहो, वेग चुकलाय," मी म्हटलं.

"शक्यच नाही." ह्यांनी ठिपक्यांची चकती पुढे केली. "हे बघ. उभे आहेत."

"तुमच्या ठिपक्यांनी सासूबाईंना पाहिलं होतं का?" माझा आवाज चढला होता. "बाबांनी पाहिलंय! तुम्ही साफ करताना काहीतरी हललं असणार, आधीचे फोटो उघडा. सगळे उघडा."

हे मोबाइल घेऊन उभ्याउभ्या बोट सरकवत राहिले. प्लेअरच्या मोटरला एक छोटी कप्पी असते, तिच्यावरून पट्टा फिरतो. कप्पीला दोन पायऱ्या. बारीक पायरी मोठ्या रेकॉर्डसाठी, जाड पायरी लहान रेकॉर्डसाठी. पायरी जितकी जाड, तितकी तबकडी जोरात फिरते. एका फोटोवर ह्यांचं बोट थांबलं. ते मोठं करून बघितलं. जाड पायरीवर वितळलेल्या डांबराच्या खाली काळं काहीतरी गुंडाळलेलं होतं. कडा सरळ कापलेल्या. कापडी चिकटपट्टीचे वेढे.

"मी पट्ट्याचा मळ समजलो," ते म्हणाले. "पात्याने खरवडून काढलं. वर स्पिरिटने पुसलं." आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस फरशीवर खाली बसला.

"त्याचं मशीन... घाईत," स्टुलावरून उतरत बाबा म्हणाले. दोस्ताचं कोरायचं यंत्रच जास्त वेगाने फिरत होतं. म्हणून नेमक्या वेगाने लावली की रेकॉर्ड झोपाळू वाजायची. सासूबाई ऐकून म्हणाल्या असतील, ही कोण म्हैस रवंथ करतेय. हे मी माझ्या मनाचं सांगते. पण बाबांनी तेव्हाच चिकटपट्टी गुंडाळून आवाज जागेवर आणला होता, हे नक्की.

ह्यांनी कापडी पट्टी आणून दिली. ज्या हातात चहाची बशी खडखडते, त्या हाताने बाबांनी पट्टी कप्पीच्या रुंदीची कापली. तुटलेली फिल्म जोडत जन्म गेला, त्या बोटांना कुणी काही शिकवायला नको होतं. एक वेढा दिला. सुई टोलांपाशी ठेवली, घड्याळाचा काटा फिरवून ते वाजवलं, ऐकलं, नाही म्हणून मान हलवली. आणखी एक वेढा. पुन्हा घड्याळ वाजवलं. आमच्या घरात त्या दुपारी किती वाजले याला काही धरबंधच राहिला नाही. शेवटी दोन्ही टोल असे एकमेकांत मिसळले की कुठला भिंतीवरचा आणि कुठला रेकॉर्डमधला ते सांगता येईना. तबकडीवर ठिपके मात्र बेभान पळत होते.

मग बाबांनी सुई सुरुवातीला ठेवली.

"काय बोलू? मला नाही बाई बोलता येत अशा डब्यासमोर! दूध वर आलं असेल तिकडे, अहो, हसताय काय? ए चिमणे, हात लावू नकोस म्हटलं ना! किती वेळा सांगायचं, एकदा सांगितलेलं कळत नाही?" चार टोल, खणखणीत. "झालं? संपलं का? बंद करा ते आधी!"

तापल्या तव्यावर पाणी पडलं होतं.

मी ताईकडे बघितलं. ह्यांनीही बघितलं. न बघून कसं चालेल? तो ताईचाच आवाज होता. तोच चढ, तीच घाई, एका वाक्याच्या शेपटावर दुसऱ्याने पाय द्यावा तशी. स्वयंपाकघरात दुधाकडे, पोरीकडे, नवऱ्याकडे एकाच वेळी धावणारी बाई. आमच्या ह्यांच्यात ही चुळबुळ कुठून आली, तेही मला तेव्हा समजलं.

"ही," बाबा म्हणाले. तबकडीकडे बोट, मग ताईकडे. "ही." आणि हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

ताई भिंतीला टेकून उभी होती. "मला वाटत होतं ती मऊ होती," ती हळूच म्हणाली. "आयुष्यभर वाटत होतं. मी मुलांवर ओरडले की मनात म्हणायचे, आई अशी नव्हती, मीच अशी निघाले. आत्ता हिचा आवाज मिळाला तर तसाच मऊ मिळाला. रोज ऐकत होते गं मी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिचा कितीही राग आलेला असो, ती बाई त्या दुपारी आईला दुसऱ्यांदा मुकली होती.

आणि मग मला ते फोन आठवले. सकाळी एक, संध्याकाळी एक. काय हवंय तर काही नाही. दोन-तीन मिनिटं झाडून घ्यायचं आणि समाधानाने ठेवून द्यायचा. मी ते ताईला सांगितलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की तिचाही हिशोब तिथेच येऊन थांबला होता.

बाबांची बॅग तिने स्वतः उघडली, कपडे कपाटात परत लावले आणि रिकामी बॅग घेऊन घरी गेली. जाताना दारात काही बोलली नाही. ताई न बोलता गेली, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आमचे हे स्पीकरसमोर फरशीवरच बसून होते. रेकॉर्ड संपली की उठून सुई मागे ठेवायचे आणि पुन्हा खाली बसायचे. घरघर येते का, असं कुणालाही विचारलं नाही.

संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. मी शेजारीच भाजी निवडत होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"हां, बाबा," ताई म्हणाली. हळू, जपून. "बरे आहात ना? जेवलात का? काही हवंय का तुम्हाला?"

प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा. त्या खोट्या रेकॉर्डसारखा. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बोट हवेत गोल गोल फिरवायला लागले.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "ताई," मी म्हटलं, "रागवा."

पलीकडे तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"सकाळीच बोललो ना आपण?" ताईचा आवाज थरथरत वर चढला. "दिवसातून दोन-दोनदा कशाला फोन लावायचा? मला दुसरी कामं नाहीत? गोळी घेतलीत की परत विसरलात? आणि त्या स्टुलावर चढायचं नाही, किती वेळा सांगायचं, एकदा सांगितलेलं कळत नाही?"

मी फोन बाबांच्या कानाला लावला. ते खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून ऐकत राहिले. दोन-तीन मिनिटं झाली तरी ताई थांबली नाही आणि बाबांनी फोन ठेवला नाही.